बास गिटार व ध्वनिसंस्करण एकके

बास गिटार हे मंद्र स्वरांचे विद्युत् तंतुवाद्य होय. तिच्या चार तारा जाडीच्या उतरत्या क्रमाने ४१.२, ५५, ७३.४ व ९८ हर्ट्‌झ कंप्रतेला लावतात; पाच तारांच्या प्रकारात ३०.९ हर्ट्‌झची आणखी एक जाड तार असते. वाद्यातून निघालेला विद्युत् संदेश ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यात हेतुपुरस्सर बदल घडवून आणणाऱ्या उपकरणांना ध्वनिसंस्करण एकके म्हणतात. वादकांच्या बोलीत ती ‘इफेक्ट्‌स’ या नावाने ओळखली जातात. त्यांचे दोन प्रकार रूढ आहेत : पायाने चालविण्याच्या सुट्या पेट्या आणि १९ इंच (सु. ४८.३ सेंमी.) रुंदीच्या लोखंडी चौकटीत एकावर एक बसविण्याची एकके. ही चौकट म्हणजेच रॅक. ती संगीतासाठी जन्मलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांत उपकरणे मांडण्यासाठी तिची मापे ठरली, पुढे ती नभोवाणी केंद्रांनी व ध्वनिमुद्रणगृहांनी उचलली आणि तेथून ती रंगमंचावर आली. एका एककाची प्रमाण उंची पावणेदोन इंच धरतात. महाराष्ट्रात ही चौकट प्रथम मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत दिसते आणि पुढील पिढीत कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील मिरवणुकांच्या मालमोटारींवर. या दोन ठिकाणांमधला प्रवास हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

मंद्र आघाताची आवड या प्रदेशाला विजेच्या वाद्यांनी लावलेली नाही. पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात त्या वाद्यांच्या गजरावर. कोल्हापुरी कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमके व कैताळ यांचा मेळ असतो. त्यांतील हलगी चढ्या आवाजात लयीचे तुकडे पाडते आणि घुमके तिला खालून धरून ठेवते. आधुनिक वाद्यवृंदात ढोलसंचाच्या जोडीने बास गिटार जे काम करते, ते तत्त्वतः याहून वेगळे नाही. भेद आहे तो ध्वनी निर्माण होण्याच्या रीतीत. चामड्याचा रुंद पृष्ठभाग हवेचा मोठा थर हलवितो, म्हणून घुमके उघड्या मैदानावर कोणत्याही यंत्राविना ऐकू येते. ४१.२ हर्ट्‌झच्या ध्वनितरंगाची लांबी सु. ८.३ मीटर असते. एवढा तरंग बारीक तारेला स्वबळावर उठविता येत नाही. विजेचा पुरवठा खंडित होताच बास गिटार जवळजवळ मुकी होते. साहजिकच तिच्याबाबतीत तार आणि श्रोता यांच्यामधली उपकरणांची साखळी वाद्याचाच भाग ठरते. ध्वनिसंस्करण एककांकडे केवळ सजावट म्हणून पाहण्याची सवय या वाद्यापुरती तरी सोडावी लागते.

वाद्य व त्याचा मुंबईतील प्रवेश : अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क याने १९३० नंतरच्या दशकात आडवे धरून वाजविण्याजोगे विद्युत् बास वाद्य तयार केले, परंतु ते फारसे पसरले नाही. लिओ फेंडर याच्या कारखान्याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य बाजारात आणले आणि उभ्या अजस्र डबल बासला सुटसुटीत पर्याय मिळाला. पट्टीवर धातूचे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, हा नावातील ‘प्रिसिजन’ शब्दाचा अर्थ.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात १९५० च्या दशकात मंद्र स्वरांचे काम डबल बासकडे होते. पुढच्या दशकात तेथे बास गिटार येऊ लागली. हे काम करणाऱ्यांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या परगण्यांतील शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले असे, त्यामुळे पुढ्यात ठेवलेला कागद पाहून ते तत्काळ वाजवू शकत. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे या वादकांपैकी एक. चरणजित सिंग हेही बास व अन्य विद्युत् वाद्ये वाजविणारे त्या काळातील मातब्बर वादक होते. मात्र तबकडीच्या वेष्टनावर गायक, गीतकार व संगीत दिग्दर्शक यांचीच नावे छापली जात. गाण्याचा पाया ज्याने घातला त्याचे नाव ऐकणाऱ्याला ठाऊक नसे, आणि पुष्कळदा तो पाया त्याला ऐकूही येत नसे.

न ऐकू येण्याचे कारण : या दुसऱ्या उणिवेचा उलगडा तांत्रिक आहे. तबकडी कापताना मंद्र स्वर पूर्ण बळाने कोरले, तर खाच इतकी रुंद होते की सुई उडते व तबकडीचा वादनकालही घटतो. म्हणून १९५४ च्या सुमारास स्थिरावलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार कापताना मंद्र स्वर दाबतात (५० हर्ट्‌झला सु. १७ डेसिबेल) व वाजविताना तेवढेच उचलतात. उचलण्याचे काम श्रोत्याच्या यंत्रावर सोपविलेले असते. चित्रपटाच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीलाही दोन्ही टोकांना मर्यादा होत्या. घरोघरी गाणी पोहोचत ती नभोवाणी संचावरून. त्यातील लहान ध्वनिक्षेपक शंभर-दीडशे हर्ट्‌झच्या खाली फारसे काही देत नसे. म्हणजे बास गिटारचे चारही खुले मूलस्वर श्रोत्याच्या घरात पोहोचतच नव्हते.

तरीही बास अजिबात ऐकू येत नसे असे नाही. ४१.२ हर्ट्‌झच्या तारेतून मूलस्वराबरोबर ८२.४, १२३.६, १६४.८ अशा पटींतील उपस्वरही निघतात. यांपैकी वरचे काही उपस्वर कानावर पडले, की मूळ स्वर प्रत्यक्षात अनुपस्थित असूनही मेंदू तो पुरा करून घेतो. तंबोऱ्याच्या नादाची उपस्वरांनी गजबजलेली समृद्धी ज्याने अनुभवली आहे, त्याला हे नवे वाटणार नाही. लहान संचावर बास ऐकविण्याची खरी युक्ती त्यामुळे मंद्र वाढविण्यात नसून उपस्वर राखण्यात आहे. नवखे वादक व ध्वनिमुद्रक नेमके याच्या उलट करतात. ते मंद्राची कळ शेवटपर्यंत फिरवितात आणि मग बास घुमतो पण कळत नाही.

एककांचा विकास : बाससाठी सर्वांत उपयुक्त ठरलेले एकक कॉम्प्रेसर हे होय. ते मोठा आवाज आपोआप आवरते व त्यामुळे एकंदर पातळी उचलता येते. त्याचा उगम नभोवाणी केंद्रांतील मर्यादक उपकरणांत आहे. प्रक्षेपकावर अवाजवी ताण पडू नये एवढाच मूळ हेतू होता. बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणलेला ‘११७६’ व डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीचा १९७६ मधील ‘१६०’ ही या वर्गातील एकके बास ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात अद्यापही नमुना म्हणून सांगितली जातात.

विरूपणाचा, म्हणजे ज्याला फझ म्हणतात त्या ध्वनीचा, इतिहास मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवीत असता मिश्रणपटाचा एक मार्ग बिघडला आणि स्वर चिरका, घोगरा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. त्या बिघाडाची मुद्दाम नक्कल करणारी ‘फझ-टोन’ ही पेटी १९६२ मध्ये विक्रीला आली. पुढे गिटारचा म्हणून जगभर गाजलेला हा आवाज आरंभी बासचा होता, हे सहसा सांगितले जात नाही. १९६५ मध्ये बीटल्स वृंदाने त्याचा बासवर जाणीवपूर्वक उपयोग केला. १९७२ च्या ‘म्यू-ट्रॉन’ या फिल्टराने तारेच्या आघाताबरोबर स्वराचा रंग पालटण्याची सोय केली व बूट्‌सी कॉलिन्स यांच्या बासवादनाला त्यातूनच स्वतःची अशी बोली मिळाली.

प्रतिध्वनी व निनाद यांसाठी प्रथम चुंबकीय फीत, स्प्रिंग किंवा टांगलेला पोलादी पत्रा वापरीत. जर्मनीतील ईएमटी कंपनीचा १९५७ मधील पत्र्याचा संच काही माणसांनी मिळून उचलावा एवढा जड होता. त्याच कंपनीने १९७६ मध्ये अंकीय निनाद-एकक आणले. १९७५ चे ‘इव्हेंटाइड हार्मोनायझर’, १९७८ चे ‘लेक्झिकॉन २२४’ ही महागडी यंत्रे मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांनाच परवडत. १९८५ च्या सुमारास यामाहाचे ‘एसपीएक्स ९०’ आले, तेव्हा निनाद, कोरस, विलंब हे सर्व एका बोटभर उंचीच्या चौकटीत मध्यम ऐपतीच्या वाद्यवृंदालाही मिळू लागले. भारतात मात्र आयातीवरील निर्बंध व जबर जकात यांमुळे १९९१ च्या उदारीकरणापूर्वी अशी एकके परदेशातून येणाऱ्या परिचितांच्या सामानातूनच बहुधा येत असत.

मुंबईत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेस्टर्न आउटडोअरसारख्या ध्वनिमुद्रणगृहांत अनेक ट्रॅकांवर स्वतंत्र मुद्रणाची सोय झाली. दमन सूद, अविनाश ओक यांसारखे ध्वनिमुद्रक तेथील कामामुळे नावारूपास आले. तोवर गायक व वादक एकत्र बसून एका दमात गाणे मुद्रित करीत. बासचा संदेश अन्य वाद्यांपासून वेगळा काढून त्यावर संस्कार करणे दुष्कर होते. स्वतंत्र ट्रॅक आणि वाद्य थेट मिश्रणपटाला जोडण्याची रीत यांमुळे ते शक्य झाले. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील बिद्दू यांनी लंडनमध्ये मुद्रित केलेल्या गाण्याने ठसठशीत बासचा नवा मापदंड भारतीय श्रोत्यांपुढे ठेवला आणि तसा आवाज मुंबईत काढून मागणारे निर्मातेही निघाले.

निवड व वापर : बासकरिता एकके निवडताना वापराचा क्रम आणि खर्चाचा क्रम हे दोन्ही एकच मानावेत. प्रथम वाद्य व रॅक यांची जुळणी पाहावी लागते. साध्या, विद्युत्‌घटाविना चालणाऱ्या बासच्या चुंबकीय ग्राहकाला सु. १० लाख ओहमचा प्रवेशरोध लागतो. ध्वनिमुद्रणगृहासाठी बनविलेल्या एककाचा रोध त्याच्या काही शतांशच असतो व त्याला बलवान संदेश अपेक्षित असतो. वाद्य अशा एककाला सरळ जोडले, तर आवाज क्षीण व बोथट होतो आणि दोष विनाकारण वाद्याला दिला जातो. म्हणून मध्ये पूर्ववर्धक हवा. शोभिवंत निनाद-एककावर पैसे घालून पूर्ववर्धक टाळणे ही उलटी काटकसर होय.

त्यानंतर कॉम्प्रेसर. येथे मंद्र स्वरांचा एक खास अडसर आहे. ४१.२ हर्ट्‌झच्या एका आवर्तनाला सु. २४ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसर त्याहून शीघ्र आवळू-सोडू लागला, तर तो स्वराची पातळी सांभाळण्याऐवजी प्रत्येक तरंगाचाच आकार मोडतो आणि गुळगुळीत स्वर खरखरीत होतो. तेव्हा आवळण्याचा काल २० ते ४० मिलिसेकंद व सोडण्याचा काल १०० मिलिसेकंदांहून अधिक ठेवणे हा सुरुवातीचा सुरक्षित मार्ग. एवढ्या अवधीत बोटाचा आरंभीचा टणत्कार निसटून बाहेर पडतो व तोच लहान ध्वनिक्षेपकावर स्वराची जागा दाखवून देतो. आवळण्याचे प्रमाण चारास एक एवढे पुष्कळ झाले. त्यापुढे वादकाच्या हाताचा दाब, म्हणजे त्याची ओळखच, पुसली जाते.

इक्वलायझर हा स्वरपट्ट्यांची उंची कमी-अधिक करणारा भाग. त्यात वाढविण्यापेक्षा कमी करणे श्रेयस्कर. २०० ते ३०० हर्ट्‌झचा भाग थोडा उतरविला, की ढोलाशी होणारी गर्दी मोकळी होते. ७०० ते १,००० हर्ट्‌झच्या आसपास थोडी उचल दिली, की स्वर ओळखू येतो. ३० हर्ट्‌झच्या खाली जे काही आहे ते बहुधा मंचावरील पावलांचे आघात व हाताळणीचे धक्के असतात; ते छाटून टाकले तर विवर्धकाची शक्ती वाचते.

कोरस, विरूपण, फिल्टर यांच्याबाबत अनुभवी वादक संदेशाचे दोन भाग करतात. सु. २०० हर्ट्‌झच्या खालचा भाग अस्पर्श ठेवून केवळ वरच्या भागावर संस्कार करतात व दोन्ही शेवटी मिसळतात. कोरस म्हणजे स्वराची किंचित डळमळणारी प्रत मूळ स्वरात मिसळणे. पायाच डळमळला तर गायकाला आधार कसला? रॅक पद्धतीचा मोठा लाभ असा की, अशी दुहेरी मांडणी एकदा पक्की जोडून ठेवता येते. एक सप्तक खालचा स्वर निर्माण करणारी ऑक्टेव्हर एकके वरच्या दोन तारांवर नीट चालतात. जाड तारेवर मात्र ती अडखळतात, कारण स्वर ओळखण्यासाठी त्यांना निदान एक-दोन पूर्ण आवर्तने थांबावे लागते.

निनादाच्या बाबतीत पन्हाळगडावरील अंबरखान्यातील गंगा कोठीचे उदाहरण बोधप्रद ठरेल. सु. ३५ फूट उंचीची ही दगडी, घुमटाकार छतांची धान्यकोठी रिकामी असताना तीत उच्चारलेला शब्द रेंगाळत राहतो. दगड ध्वनी फारसा शोषत नाही. हवा जे काही शोषते ते मुख्यतः चढे स्वर. परिणामी अशा वास्तूत मंद्र स्वर सर्वांत शेवटी विरतात, पुढचा स्वर मागच्यावर चढतो आणि चाल ओळखू येईनाशी होते. निनाद-एकक अशाच एखाद्या दालनाची नक्कल करीत असते. म्हणून बासवर ते जवळजवळ नसल्यासारखेच ठेवावे व निनादाच्या मार्गातून खालचे स्वर वगळावेत. उलट एखाद्या विस्तीर्ण सभागृहात किंवा जुन्या दगडी वास्तूत कार्यक्रम असेल, तर निनाद आधीच उपलब्ध असतो. एकक बंद ठेवणे हाच त्याचा योग्य वापर.

भारतीय परिस्थितीतील एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे आणि बासवरील एक नित्याचा स्वर ४९ हर्ट्‌झचा. वीजेचा गुणगुणाट संदेशात शिरला, तर तो याच स्वराशेजारी बसतो; त्याला गाळू जावे तर स्वरही गळतो. यास्तव गुणगुणाट येऊच न देणे भाग असते. सर्व एकके एकाच भूयोजित जोडणीवरून चालवावीत, वीजवाहिन्या चौकटीच्या एका बाजूने व ध्वनिवाहिन्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. मंडपाची जोडणी रस्त्यावरील खांबावरून तात्पुरती घेतलेली असेल, तर भूयोजनाची खात्री स्वतः करावी. येथे प्रश्न केवळ आवाजाचा नसून वादकाच्या जीविताचा असतो. जपानी व अमेरिकी बाजारासाठी केलेली जुनी एकके १०० किंवा ११७ व्होल्टवर चालतात, त्यांना रोहित्र लागते. पन्हाळ्यासारख्या पावसाळी ठिकाणी जोडण्यांवर गंज चढतो, त्या मोसमात वरचेवर पुसाव्या लागतात.

वादकाची पीछेहाट : रॅक एकके आवाक्यात आली त्याच सुमारास चित्रपटसंगीतातील बास गिटारवादकाचे स्थान डळमळू लागले. रोलँड कंपनीने १९८० च्या दशकारंभी आणलेले ‘टीबी-३०३’ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून घडविले होते. ते त्या कामी फसले व १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. परंतु स्वतः बासवादक असलेल्या चरणजित सिंग यांनी हेच यंत्र लययंत्र व संश्लेषक यांच्याबरोबर वापरून दहा राग मुद्रित केले आणि १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली. ती तेव्हा दुर्लक्षित राहिली. त्याच यंत्राच्या आवाजावर शिकागो येथे १९८७ मध्ये एक नवी नृत्यसंगीतशैली उभी राहिली, आणि २०१० मध्ये तबकडीचे पुनर्मुद्रण झाले तेव्हा जगाला मुंबईतील या पूर्वसुरीचा शोध लागला. सिंग यांचे निधन २०१५ मध्ये झाले. चित्रपटांत १९८० नंतर बासची ओळ उत्तरोत्तर कीबोर्डवर वाजविली जाऊ लागली. मानवी बासवादक टिकला तो मुख्यतः मंचावर : १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ (पुढे ‘इंडस क्रीड’) या वृंदात मार्क सेल्विन बास वाजवीत. अशा कार्यक्रमांचे मुंबईतील माहेरघर, धोबी तलावाजवळील रंगभवन, शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे या वापरास बंद झाले.

मिरवणुकीतील मंद्र : रॅकची चौकट १९९० नंतर पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकांच्या वाहनांवर चढली. तीत कॉम्प्रेसर, स्वरविभाजक व विवर्धक असतात. काहींत मूळ गाण्यात नसलेला खालचा सप्तक निर्माण करणारी, डीबीएक्सच्या ‘१२०’ मालिकेसारखी उपस्वरोत्पादक एककेही असतात. अशा संचाला कोल्हापूरकडे ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांची कीर्ती १९६० च्या दशकात झाली ती फितीवरील खरखर कमी करणाऱ्या पद्धतीमुळे. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव त्याच्या नेमक्या विरुद्ध वस्तूला चिकटावे, हा शब्दांच्या इतिहासातील एक चमत्कारच. वादकाने बासमध्ये राखलेला तोल येथे उरत नाही, कारण मंद्र हाच येथे विषय असतो.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबेल ही मर्यादा आहे; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई आहे व वर्षातून अधिकात अधिक पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निर्णयात या नियमांना बळकटी दिली. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने अशा संचांच्या मालकांना अंतरिम दिलासा नाकारला. कोल्हापूर जिल्ह्यात पोलिसांनी मंडळांच्या साहाय्याने ‘डॉल्बीमुक्त’ उत्सवाच्या मोहिमा काढल्या व त्यांतून हलगी, झांज, लेझीम यांना पुन्हा मागणी आली. विरोधही झाला, संच भाड्याने देणाऱ्यांनी त्यासाठी कर्जे काढलेली असतात आणि हंगाम थोड्या दिवसांचा असतो.

या वादात एक तांत्रिक बाब मागे राहते. नियमांतील डेसिबेल हे ‘ए’ भारणाचे आहेत. या पद्धतीत मापकयंत्र मंद स्वरपातळीला कान जसा ऐकतो तसे ऐकते, म्हणजे मंद्र स्वरांची पातळी वजा करून धरते : १०० हर्ट्‌झला १९, ६३ हर्ट्‌झला २६, ५० हर्ट्‌झला ३० व ४० हर्ट्‌झला जवळजवळ ३५ डेसिबेल. छातीत धडधड निर्माण करणारा, खिडक्यांची तावदाने हलविणारा भाग नेमका याच पट्ट्यात असतो, आणि यंत्रावरील आकड्यात तोच सर्वांत कमी उतरतो. भिंतीही मंद्र स्वरांना थोडाच अटकाव करतात. दारे लावून घेतलेल्या घरात चाल ऐकू येत नाही, आघात तेवढा येतो. ‘सी’ भारणाने हेच मापन केल्यास ६३ हर्ट्‌झला वजावट एक डेसिबेलहूनही कमी असते. दोन्ही भारणांची सोय अनेक मापकयंत्रांत एका कळीवर असते, आणि त्यांच्या आकड्यांतील अंतर जितके मोठे तितका त्या ध्वनीत मंद्राचा अंश अधिक, असा ध्वनिशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे.